हीवाच्या वाटचं वाकणं

"वाक की गं बाई," हीवाची आत्या सिसिलिया दुसऱ्यांदा म्हणाली, आणि चर्चच्या हॉलमधल्या बायका हसल्या.

दोन वर्षांची हीवा वाकली नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांसमोरून ती मान वर, छाती पुढे, अशी एखाद्या फौजदारासारखी चालत गेली. वडीलधारी बसलेली असताना त्यांच्यासमोरून जायचं तर पाठ वाकवायची आणि 'तुलोउ' म्हणायचं, म्हणजे माफी मागायची. तोंगन पोर हे चालण्याबरोबरच शिकतं, मग ते तिकडे तोंगाच्या बेटावर जन्मलेलं असो की इथे ऑकलंडच्या मांगेरेत. पुढच्या रविवारी फाकामे होता, मुलांचा सण. पांढऱ्या कपड्यांतली पोरं एकेक करून पुढे येणार आणि आपापली ओळ म्हणणार. हीवाच्या वाट्याला सर्वांत छोटी ओळ आली होती, 'देव प्रेम आहे.' आज तिची तालीम होती.

मागच्या बाकावर हीवाची आई तोआकासे मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. पोर का वाकत नाही हे त्या हॉलमध्ये फक्त तिला आणि दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याला, कितिओनेला, ठाऊक होतं.

नाताळाच्या आधी आंघोळ घालताना तिचा हात पोरीच्या पाठीवर थांबला होता. साबण एका बाजूला फुगवट्यावरून घसरत होता, दुसऱ्या बाजूला खळगा. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला, तर पाठीचा कणा वाऱ्याने कललेल्या माडासारखा. कुणाचीच चूक नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. हाडं कोवळी आहेत तोवर भूल देऊन, पाठ ताणून, काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालायचं. काही आठवड्यांनी काढून नवं. कितिओने रस्त्याच्या कडेचे दगड बसवायचा, कणखर गडी, पण हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तो रडला. आणि हीवा? शुद्धीवर आली, दोनदा तोंडावर आपटली, आणि आठवडा संपायच्या आत त्या ओझ्यासकट घरभर पळू लागली. दुसऱ्या प्लास्टरनंतरच्या फोटोत बाक जरा कमी दिसला, तेव्हा कितिओनेने तो फोटो फोनमध्ये घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत एकटाच काढून बघायचा.

लपवायचं असं ठरवलं नव्हतं. प्लास्टर घातल्यावर पहिल्याच रविवारी ढगळ फ्रॉकमधली पोर बघून सिसिलिया भर चर्चमध्ये म्हणाली होती, "बघा, कशी अंगाने भरली! माझ्यावर गेलीय." तोंगन माणसाला पोराचं याहून मोठं कौतुक नाही. बायका गोळा झाल्या, गाल ओढले. तोआकासेच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि खरं सांगायचं ओठांवर आलेलं तिथेच राहिलं. मग दर रविवारी कौतुक वाढत गेलं आणि सांगणं अवघड होत गेलं. लेकीला कुणी उचलू लागलं की तीच पुढे होऊन कडेवर घ्यायची.

आणि सांगायचं ते सिसिलियाला. ती कितिओनेची थोरली बहीण. तोंगन घरात आत्या सगळ्यांच्या वर. हीवाचं नावसुद्धा तिनेच ठेवलेलं. भाऊ केवढाही होवो, बहिणीसमोर जपून बोलतो, आणि अंगाच्या दुखण्याखुपण्याचं तर नाहीच.

"आईबापाने वळण लावलं नाही वाटतं," पुढच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं. सिसिलियाला ते झोंबलं. ती तरातरा गेली, हीवाच्या पाठीवर पंजा ठेवला आणि तिला खाली दाबलं. पोर वाकली नाही, लाकडी बाहुलीसारखी अख्खीच पुढे कलली. सिसिलियाने फ्रॉकवरून बोटं फिरवली. मग बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. तो टकटक आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

तोआकासे उठायच्या आत कितिओने दारातून आत आला. नजर जमिनीवर, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अक्का, तिला दटावू नका. तिची पाठ वाकडी आहे. आत प्लास्टर आहे, नाताळाच्या आधीपासून. ती वाकू शकत नाही."

"आणि मला आज कळतंय?"

"चुकलं आमचं."

"मी गावभर सांगत फिरले," सिसिलिया हळू म्हणाली, "पोर माझ्यावर गेलीय म्हणून." तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. तिच्यामागे कुणी हसलं नाही.

आठवडाभर तिचा फोन आला नाही. बुधवारी बेटावरून चुलतभावाचा आला. अक्कांनी सांगितल्यावरून त्याने थोरल्या काकांच्या कबरीवरचं झुडूप मुळासकट उपटलं होतं. मेलेल्याच्या हाडांत मुळं शिरली की घरातल्या कुणाची तरी पाठ धरते, अक्का म्हणाल्या. "त्या फार रडत होत्या फोनवर," तो म्हणाला. कितिओनेने डॉक्टरीणबाईंचं काहीच सांगितलं नाही, नुसते आभार मानले.

शनिवारी तो बायकोला म्हणाला, "उद्या नको नेऊ या तिला. पुढच्या वर्षी बघू."

तोआकासे पांढरा फ्रॉक उसवत होती. "नेणार. आणि बाजूंनी आत घेऊन नेणार. आता झाकायचंय काय? माझी पोर एवढं ओझं घालून चालते. त्यांची धडधाकट पोरं आईचा पदर सोडत नाहीत."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत म्हातारी मंडळी, कमरेला जुन्या मानाच्या चटया गुंडाळून. त्यांच्यातच सिसिलिया, समोर बघत. भावाकडे तिने मान वळवली नाही.

हीवाचं नाव पुकारलं. अंगाबरोबर बसवलेल्या फ्रॉकमधून प्लास्टरच्या कडा स्पष्ट दिसत होत्या. ती निघाली, म्हाताऱ्यांसमोरून, ताठ. कुजबुज सुरू झाली. तोआकासेने खाली बघितलं नाही; बघायचं तर सगळं बघायचं, असं तिने ठरवलं होतं.

तेवढ्यात सिसिलिया उठली. गुडघे दुखतात म्हणून ती प्रार्थनेलासुद्धा बसूनच असायची. ती हीवाच्या बाजूला आली, एका हाताने बाक धरला आणि कमरेत वाकली. इतकी, की तिचं डोकं पोरीच्या खांद्याखाली गेलं. भावाच्या घरात जी कधी कुणापुढे वाकली नव्हती, ती भावाच्या लेकीच्या पावलाने, रांगेतल्या एकेका माणसासमोरून सरकू लागली.

"तुलोउ," ती म्हणत होती. "तुलोउ. तिच्या वाटचं मी वाकते. तुलोउ."

म्हाताऱ्यांनी पाय आत ओढून घेतले. कुजबुज थांबली. कितिओनेने बहिणीसमोरची रीत मोडून मान वर केली आणि बघत राहिला.

हीवा पुढे पोचली, वळली, आणि आत्या शेजारी का वाकलीय हे न कळून तिने तिच्या केसांवर हात ठेवला. मग मोठ्याने म्हणाली, "देव प्रेम आहे."

सिसिलियाला लगेच सरळ होता येईना. कमरेत लचक भरली होती. हीवा हात तसाच ठेवून तिच्यासाठी थांबून राहिली.