निंबोळीच्या मारुतीचं माहेर

शनिवारी सकाळी निंबोळी गावच्या मारुतीनं शेंदराचं कवच सोडलं आणि हरिबा गुरवाच्या तोंडचं पाणी पळालं.

आता कवच सोडणं यात वावगं काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चोपडला की त्याचा थर चढत जातो आणि एक दिवस आपसूक सुटतो. मग तो वाजतगाजत तेरणा नदीत सोडायचा आणि देवाला नवा शेंदूर लावायचा. एवढं हरिबाला बापानं शिकवून ठेवलं होतं. पण आतून बाई निघाली तर काय करायचं, ते बापानं सांगितलं नव्हतं.

आणि बाई चांगली ठसठशीत होती. कमरेवर हात, पायांत जाड तोडे, एका बाजूला कललेला अंबाडा. ज्याला सगळं गाव मारुतीची गदा म्हणत होतं, तो तिच्या खांद्यावरचा पोपट निघाला. वर बया हसत होती. हरिबा आधी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मग तसाच मागं सरकत आला, आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं, दाराला कडी घातली आणि खाजाभाईच्या दुकानाकडं पळत सुटला.

खाजाभाईचं दुकान देवळासमोरच होतं. तेल, गूळ, शेंदूर, सगळं तिथूनच यायचं. मारुतीच्या अंगावरचा निम्मा शेंदूर तरी खाजाभाईच्या बापजाद्यांनी विकलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"हरिबा, तुला मुहूर्त बी असला गावावा! अरे, हैद्राबादचा सरकारी साहेब तेर गावात येऊन उतरलाय. जुन्या मूर्ती हुडकायलाय. शेजारच्या गावचा मुंडकं नसलेला नंदी गाडीत घालून नेला. उद्या दुपारी तो इथं येतोय."

"मारुती बी नेतो का?"

"शेंदूर फासलेल्या देवाकडं ढुंकून बघत न्हाय. पण पोपटवाली बाई म्हणल्यावर सोडतोय व्हय?"

हरिबाला मूलबाळ नव्हतं. पहाटे उठून ज्याला न्हाऊ घालायचं, चार सुखदुःखाच्या गोष्टी सांगायच्या, असं त्याला जगात ते एकच होतं. ते गाडीत घालून कुणी हैद्राबादला नेलं तर आपण सकाळी उठायचं तरी कशाला, हे त्याला कळेना.

"मग शेंदूर द्या. थापून टाकतो."

"लढाई चालू हाय बाबा. चार महिने झाले, शेंदराचा डबा आला न्हाय. गेरू हाय, गूळ हाय. थापायला कणीक लागंल, तिचं तू बघ."

कणीक म्हटल्यावर बायकोला सांगणं आलं. सिताबाईला आजवर गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. मारुती ब्रह्मचारी, बायकांनी बाहेरूनच हात जोडायचे, हे तिला हरिबानंच लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बजावलं होतं. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला. तिला रडू फुटलं असं हरिबाला वाटलं, पण ती हसत होती.

"म्हणजे तीस वर्सं तुमी दाराला कडी घालून परक्या बाईला तेल लावत होता?"

"अगं, मला काय म्हाईत?"

"आता म्हाईत झालं न्हवं? मग व्हा बाजूला. म्या करते."

"बायकांनी आत जायचं नसतंय."

"आत बाईच हाय," असं म्हणून सिताबाई परात घेऊन सरळ गाभाऱ्यात शिरली.

रविवारी सकाळपर्यंत मारुती पुन्हा तयार झाला. कणीक मळली सिताबाईनं, गुळाच्या पाण्यात गेरू कालवला हरिबानं आणि खाजाभाईनं दारातून सूचना केल्या. हनुवटी फुगीर झाली, पोपट गदेत गेला, आणि शेपटी तर इतकी झोकदार जमली की तिघंही जरा वेळ बघत राहिले. घोटाळा एवढाच झाला, की हाताला सवय म्हणून सिताबाईनं कणकीत मीठ आणि तेलाचं मोहन घातलं होतं. वरून गूळ होताच. म्हणजे त्यांनी मारुती केला होता की खारी-गोडी दशमी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दुपारी साहेब आला. तरणाताठा, टोपीवाला, बगलेत वही. मराठी बेताचं पण अदबीनं बोलणारा. गाभाऱ्यात डोकावून त्यानं नाक वर केलं.

"वास कसला येतोय? गुळाच्या पोळीसारखा?"

"नैवेद्य," हरिबा म्हणाला.

"ठीक," म्हणून साहेब वळलाही. आणि तेवढ्यात खाजाभाईची शेळी आली. दुकानातल्या गुळाच्या खड्यांवर वाढलेली ती शेळी गुळाचा वास आला की कुणाच्या बापाला ऐकत नसे. ती साहेबाच्या बगलेखालून आत घुसली आणि तिनं मारुतीची शेपटी तोंडात धरली. हरिबानं शेळी ओढली, शेळीनं शेपटी ओढली. शेपटीबरोबर पाठ आली, पाठीबरोबर हनुवटी आली, आणि पिठाच्या ढिगातून ती बया साहेबाकडं बघून हसली.

शेळी तेवढी खात होती.

साहेबानं टोपी काढली. बराच वेळ तो पोपटाकडं बघत राहिला. "दीड-दोन हजार वर्षांची असेल," तो हळूच म्हणाला. "हिला हैद्राबादला न्यावं लागेल."

उंबऱ्याच्या आत पदर खोचून उभी राहिली ती सिताबाई.

"कशी नेता? लेक हाय ती आमची. माहेरी आलीय."

"मतलब?"

"माहेरी आलेली लेक अशी कुणासंगं बी धाडत न्हायत, साहेब. सासरचं माणूस न्यायला यावं लागतंय. नवऱ्याचं नाव सांगा, सासरचं गाव सांगा, पाहुण्याला बसवा आमच्या ओसरीवर. म्या आजच ओटी भरून पाठवते."

साहेबानं खाजाभाईकडं बघितलं. खाजाभाईनं मान डोलावली. "हमारे में बी ऐसाच है, साब. कोई लेने को आए बगैर बेटी को नै भेजते."

साहेबानं वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेळीनं उरलीसुरली गदा संपवत आणली होती. अखेर त्यानं पेन्सिलीनं दोन ओळी खरडल्या आणि वाचून दाखवल्या. मूर्ती पूजेत असून सध्या माहेरी आहे. सासरचा पत्ता लागेपर्यंत हलवू नये. मग तो गालातल्या गालात हसत गाडीत बसला आणि गेला.

संध्याकाळी सिताबाईनं बयेला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, मूठभर हिरव्या बांगड्या पायाशी ठेवल्या. हरिबा सवयीनं आत निघाला, तर तिनं हात आडवा केला.

"लेकीबाळीचं न्हाणं चालू हाय. तिथंच थांबा."

हरिबा उंबऱ्याबाहेर थांबला. मान वाकडी करून बघितली, टाचा उंचावून बघितलं. मधे दिवा, दिव्याचा धूर, आणि त्याच्याखाली दगडी पायाचा एक अंगठा. बाकी काही दिसेना.

"सिते," तो म्हणाला, "इथनं एवढंच दिसतंय व्हय?"

"एवढंच."

"तीस वर्सं तू त्या अंगठ्यालाच हात जोडत होतीस?"

"मग काय करू?"

सिताबाईनं वाकून दिवा बाजूला सरकवला.

"या आत," ती म्हणाली. "तुमी तर बाप हायेत तिचे. तुमाला कोण आडवणार? पण पाय धुऊन या, म्या आत्ताच सारवलंय."