हिंगणखेडचा दवाखाना उघडा आहे

मित्रांनो, तुम्हाला मला हातात धरता येणार नाही, तरी मी एक जुनी चाळणीच आहे. उजनीच्या पाण्याकाठी एका वाचनालयात भिंतीवर इंटरनेटची डबी टांगलेली आहे. गावाचे इंटरनेट तिच्यातूनच जाते. तिच्या आत मी राहते. गावातल्या कोणी मोबाइलवर काही शोधले, की शेकडो पाने धावत येतात. त्यांतली खोटी पाने मी अडवते आणि बाकीची पुढे सोडते.

मला सोलापूरला शिकणाऱ्या उर्वीने तिच्या काकांसाठी बनवले. काका म्हणजे गंगाधर गुरुजी. वाचनालय तेच चालवतात. कोणते पान अडवायचे, हे ते ठरवत. त्यांची रीत साधी होती. पानावरचा नंबर फिरवायचा आणि विचारायचे, "तुमच्या दारासमोर झाड कसलं आहे?" ज्याला सांगता येईना, त्याचे नाव माझ्या यादीत.

"काका, असं कुणी तपासतं का?" उर्वी हसायची.

"परीक्षा तुम्ही पोरांनी दिल्यात, घेतल्यात मी. मला शिकवू नकोस," गुरुजी म्हणत.

मला त्या पानांची भीती वाटे. ती कोणा माणसाने लिहिलेलीच नसत. यंत्रे प्रत्येक गावाच्या नावाचे एकेक पान तयार करत. पानावरच्या डॉक्टरचा हसरा चेहरा तोच असे. दिवसातून चाळीस वेळा तो माझ्यापाशी येई आणि चाळीस वेळा आपले नाव वेगळे सांगे.

एकदा तो आला तो असे लिहून: 'हिंगणखेड येथील सर्पदंश उपचार केंद्र. आता उघडे आहे.'

हिंगणखेड हे गुरुजींचे जन्मगाव. गुरुजी सहावीत असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेले. पानावर मारुतीच्या पारामागचा पत्ता होता, बरे झालेल्या रुग्णांचे अभिप्रायही होते. गुरुजींनी नंबर फिरवला. यंत्राचा एक गोड आवाज म्हणाला, "या ना, हिंगणखेडमधून बोलतेय."

गुरुजींनी झाड विचारलेच नाही. चष्मा पुसत ते म्हणाले, "हे एवढं राहू दे." पुढे रोज ते पान उघडून ते नुसते बघत बसत. इतक्या वर्षांत त्या गावाला कोणी 'उघडे आहे' म्हटले नव्हते. ज्याचे यादीत नाव नाही, ते मला अडवता येत नाही. मी ते सोडत राहिले.

मागच्या वर्षी रज्जाक मासेमारीसाठी इकडे राहायला आला. त्याला बुडालेली गावे ठाऊक नव्हती. एका सकाळी जाळे आवरताना त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला, फिरदोसला, हाताला साप चावला. त्याने मोबाइलवर जवळचा दवाखाना शोधला. बाकीची खोटी पाने मी अडवली, ते एक सोडले. सरकारी दवाखाना तासाभरावर होता. त्या पानावर लिहिले होते, बारा मिनिटे. त्याच्या बायकोने, गुलबानोने, लेकीला मांडीवर घेतले आणि रज्जाकने मोटारसायकल भरधाव सोडली.

थोड्या वेळाने गुरुजींचा फोन वाजला.

"गुरुजी, हिंगणखेड कुटं आलं? सडक पाण्यात शिरलीया. आन् फोनवरची बाई म्हणती, सरळ या, डॉक्टर वाट बघत्यात."

गुरुजी म्हणाले, "रज्जाक, माघारी फीर. तिथं कुणी नाही."

"बोलती की वो बाई. पोरीचं नाव इचारलं. खाट तयार हाय म्हणती."

"तिथं चाळीस फूट पाणी आहे, बाबा. फीर. तालुक्याला सरकारी दवाखान्यात ने, मी त्यांना फोन करतो."

फिरदोस वाचली. पण गेलेल्या वेळात विष चढले होते. उजव्या हाताची दोन बोटे काढावी लागली.

गुरुजी तिला बघायला गेले आणि त्यांनी स्वतःहून सगळे सांगितले. रज्जाकने एवढेच विचारले, "तुमास्नी ठाऊक हुतं?" गुरुजी हो म्हणाले. परत येऊन गुरुजींनी एकेक अक्षर दाबत आपल्या गावाचे नाव माझ्या यादीत घातले.

तरीही ते येते, मित्रांनो. रोज तो हसरा चेहरा माझ्या जाळीशी उभा राहतो. परवा त्याने नवे पान आणले: 'हिंगणखेड येथील वाचनालय. चालक गंगाधर गुरुजी. आता उघडे आहे.' मी ते अडवले.

मी आता जुनी झाले आहे. रोज नवी पाने येतात आणि माझी यादी अपुरी पडते. तिच्यात भर घालत राहा. आणि एखादे पान पाहून तुमचा जीव हरखला, तर तेच आधी तपासा. मला चुकवून पुढे जाणारे पान बहुधा तेच असेल.