दोन गोलांच्या मधली ओळ

"एकोणतीस जून एकोणीसशे चौऱ्याण्णव," मी सांगितलं आणि खुर्चीत ऐसपैस मागे टेकलो.

"काका, अठ्ठावीस," गावातला पोरगा भाग्येश म्हणाला. त्याने फोन वर धरला होता. "नाव बरोबर सांगितलंत, सालेंको, रशिया, कॅमेरूनविरुद्ध एकाच सामन्यात पाच गोल. पण तारीख अठ्ठावीस हाय."

माकुणसारच्या आमच्या वाचनालयात शंभरेक माणसं बसली होती. विश्वचषक जवळ आला म्हणून नव्या कार्यवाह रिद्धी म्हात्रेने रविवारी संध्याकाळी फुटबॉलच्या विक्रमांवर प्रश्नोत्तरं ठेवली होती. उत्तरं द्यायला मी. दुसरं कोण असणार? नव्वद सालापासून दर विश्वचषकाला वाचनालयाबाहेरचा फळा माझा आहे. कोणी किती गोल केले, कितव्या मिनिटाला केले, सगळं खडूने लिहितो. पालघरपासून केळव्यापर्यंत लोक मला 'आकडेवाले राऊत' म्हणतात. बोईसरच्या कापड कंपनीत टाइम ऑफिसला सदतीस वर्षं लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, तिथे मला कोणी आडनावानेही धड ओळखत नाही. म्हणून हा फळा मला फार प्यारा.

"एकोणतीसच," मी ठासून म्हणालो. "माझ्या वहीत हाय."

"वहीत चूक असंल, काका." पोरं हसली. पुढच्या रांगेतला निवृत्त पोस्टमास्तरही हसला. माझे कान गरम झाले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "दोगांचं पण बरोबर हाय."

माझी बायको हेमांगी उभी राहिली होती. छत्तीस वर्षांच्या संसारात ती चारचौघांत बोलायला उभी राहिल्याचं मला आठवत नाही.

"तिकडं अमेरिकेत अठ्ठावीसची दुपार होती," ती म्हणाली, "तेवा आपल्याकडं एकोणतीस लागली होती. रात्री दीडला सुरू झाला सामना. आमच्या मेघालीला एकशेतीन ताप होता. एका हातानं पट्ट्या बदलत होते नि एका हातानं हे सांगतील ते लिवत होते. आमच्या वहीत सगळ्या तारखा आपल्या घरच्या हायत. आनि त्याच सामन्यात कॅमेरूनच्या मिलानं पण एक मारला, बेचाळीस वर्षांच्या मानसानं. आमचे सासरे तेवा बोलले, या वयात मला माडावर पण चढवत नाय कोनी."

हशा पिकला, टाळ्या पडल्या. भाग्येश फोन खाली ठेवून म्हणाला, "काकी, एक नंबर!"

खरं तर तिने माझी लाज राखली होती. मला बरं वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगू, माझ्या पोटात दुखायला लागलं. तशा टाळ्या मला छत्तीस वर्षांत मिळाल्या नव्हत्या.

पुढचे प्रश्न लोकांनी तिलाच विचारले. एका विश्वचषकात सर्वांत जास्त गोल? "फॉन्टेन, तेरा, अठ्ठावन साली." सगळे मिळून सर्वांत जास्त? "क्लोजा, सोळा. सोळावा ब्राझीलला मारला, ज्या दिवशी जर्मनीनं त्यांना सात घातले त्या दिवशी. तिकडं आठ जुलै, आपल्याकडं नऊ." मी मधे एकदा तोंड उघडलं, पण माझ्या आधी ती बोलून गेली. मग मी समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायलो, दोनदा.

आता ही वही काय आहे ते सांगतो. कंपनीत वर्ष संपलं की हजेरीचे जुने, अर्धे कोरे राहिलेले रजिस्टर रद्दीत जातात. ते मी घरी आणायचो. त्यात रकाने छापलेले असतात: नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, शेरा. नाव म्हणजे खेळाडू, वेळ म्हणजे गोलाचं मिनिट, असं आम्ही बसवलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हेमांगी दहावीपर्यंतच शिकलेली, पण अक्षर मोत्यासारखं. म्हणून मी टीव्हीसमोर बसून सांगायचो आणि ती लिहायची. आठ-नऊ रजिस्टर झाले. ते तिच्या ट्रंकेत असतात. मला काही हवं असलं की मी ओट्याकडे हाक मारायचो, "हेमा, अठ्ठ्याण्णवची फायनल?" आणि ती भाकरी थापता थापता सांगायची. माझा असा पक्का समज होता की आठवण माझी आहे आणि ती फक्त आठवण करून देते.

कार्यक्रमाची चित्रफीत भाग्येशने टाकली. चार दिवसांत पाच हजार लोकांनी पाहिली. नाक्यावर चहावाला म्हणाला, "या, काकींचे मिस्टर!" कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक मिश्राजी हात जोडून म्हणाले, "साहब, भाभीजी तो कमाल हैं! आपने कभी बताया नहीं." इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला थांबवून काही विचारलं, आणि विचारलं ते तिच्याबद्दल. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी हसलो आणि कार्ड पंच केलं.

दुसऱ्याच रविवारी रिद्धी घरी आली. ही कोळगावला जिल्हा कार्यालयात नोकरी करते, बोलणं थेट. ओटीवर बसून चहा घेतला आणि म्हणाली, "काका, राग मानू नका. या वेळी फळा काकींनी लिवावा असं सगळ्यांना वाटतंय. अठ्ठेचाळीस संघ हायत, एकशे चार सामने. काकींचं अक्षर पण सुंदर हाय."

हेमांगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हो होतं. मला ते स्पष्ट दिसलं, आणि दिसलं म्हणूनच मी घाईने बोललो.

"तिला नाय जमनार. गुडगे दुखतात तिचे. उभी कशी ऱ्हानार? आनि आकडे तिला कुठं कळतात, मी सांगतो ते ती लिवते फक्त."

हेमांगी कप उचलून आत गेली.

"काकी, तुमी काय म्हनता?" रिद्धीने आतल्या दाराकडे बघून विचारलं.

"ते म्हनतात तसं," आतून उत्तर आलं.

मी जिंकलो होतो. तरी जिंकल्यासारखं वाटेना. रिद्धी जाताना "विचार करा, काका" म्हणाली, आणि मला कळलं की फळा अजून पुरता माझ्या हातात आलेला नाही. तेव्हा मी ठरवलं, हेमांगीच्या वहीत चुका शोधायच्या. पाच-सात सापडल्या तरी पुरे. त्या रिद्धीसमोर ठेवायच्या आणि म्हणायचं, बघा, कोणाच्या हाती फळा देताय.

शनिवारी ती सफाळ्याच्या बाजाराला गेली तशी मी ट्रंक उघडली. रजिस्टर पलंगावर मांडले, फोन शेजारी ठेवला आणि एकेक गोल ताडून बघायला लागलो. मी टाइम ऑफिसचा माणूस, चूक काढण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. नव्वद साल, ब्रेमेची पेनल्टी, पंच्याऐंशीवं मिनिट. बरोबर. अठ्ठ्याण्णव, झिदान, सत्तावीस आणि पूर्वार्धाच्या जादा वेळात. बरोबर. तारखा सगळ्या आपल्याकडच्या, पण एकही चुकलेली नाही. तासाभराने माझी मान दुखायला लागली आणि रागही आला. एवढ्या वर्षांत एकही चूक करू नये म्हणजे काय?

आणि मग माझं लक्ष शेऱ्याच्या रकान्याकडे गेलं.

फुटबॉलला शेरा कसला? तो रकाना मी कधी वापरायला सांगितला नव्हता. म्हणून मी कधी बघितलाही नव्हता. तिथे शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. सालेंकोच्या पाचव्या गोलासमोर: 'मेघाली ताप १०३. पहाटे उतरला.' अठ्ठ्याण्णवच्या एका सामन्यापुढे: 'पंप बिघडला. केळींना पाणी नाय.' दोन हजार सहाला: 'सासरे पडले. सफाळ्याला नेले.' क्लोजाच्या सोळाव्या गोलासमोर: 'यांना बीपीची गोळी सुरू.' पुढे दोन हजार अठराला: 'मेघालीचं विरारचं स्थळ आलं. होकार.'

माझ्या आकड्यांच्या शेजारी माझं सगळं घर बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता. पण खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते हेच: हेसुद्धा हिच्याकडेच! मुलीचा ताप, बापाचं पडणं, माझी स्वतःची गोळी. मला त्या दिवसांचं काय आठवतं? सत्तावीस, पंच्याऐंशी, सोळा. मला तिच्या आठवणीचा हेवा वाटला, आणि हा हेवा फळ्यापेक्षाही कडू होता.

मग दोन हजार दोनचं पान आलं.

तीस जून. रविवार. जपानमधली फायनल, म्हणून आपल्याकडे दुपारी साडेचारला. ब्राझील दोन, जर्मनी शून्य. रोनाल्डो, सदुसष्टावं मिनिट. रोनाल्डो, एकोणऐंशीवं मिनिट. या दोन ओळींच्या मधे जागा नव्हती, तर तिने पट्टीने एक नवी बारीक ओळ आखली होती. त्या ओळीत नाव नव्हतं, मिनिट नव्हतं. फक्त शेऱ्यात लिहिलं होतं: 'आई. ६ वाजता.'

मला तो दिवस आठवला. म्हणजे आता आठवला. सव्वाचारला शेजारच्या घरी केळव्याहून फोन आला होता की हेमांगीची आई अगदी अत्यवस्थ आहे, लवकर या. तिने साडी बदलली आणि दारात येऊन उभी राहिली. स्कूटर एकच, चालवणारा मी. रविवारी बस धड नव्हती. मी म्हणालो होतो, "फायनल हाय गो. साडेसहाला संपेल. लगेच निघू. केळवा काय लांब हाय का?" आणि मी तिच्या हातात रजिस्टर दिलं होतं.

ती बसली. मी सांगितलं ते तिने लिहिलं. मिनिटं लिहिली, नावं लिहिली. आम्ही केळव्याला पोचलो तेव्हा सात वाजले होते. अंगणात लोक जमले होते. सहा वाजता गेली, असं तिच्या भावाने सांगितलं. घरी आल्यावर हिने हिशेब केला असणार. पहिला गोल सहाला पाच कमी असताना, दुसरा सहा वाजून गेल्यावर. मधे आई.

मला त्या दिवसाचं काय आठवत होतं? रोनाल्डोचे स्पर्धेतले आठ गोल.

हेमांगी बाजारातून आली तेव्हा रजिस्टर ट्रंकेत होते तसे ठेवून मी ओट्याशी उभा होतो. ती पिशवीतून पडवळ काढत होती.

"हेमा," मी म्हणालो, "दोन हजार दोनची फायनल..."

"दोन शून्य," ती मान वर न करता म्हणाली. "रोनाल्डो. सदुसष्ट, एकोणऐंशी."

"ते नाय विचारत."

"मग काय?"

"काय नाय," म्हणालो आणि बाहेर गेलो. चप्पल घालून तसाच रिद्धीच्या घरी गेलो. ती धुणं वाळत घालत होती. "फळा हेमांगीचा," मी तिला सांगितलं. "गुडगे दुखतात तिचे, म्हनून ती बसून सांगंल. लिवायला मी हाय." रिद्धी माझ्याकडे बघत राहिली. माझं अक्षर तिला माहीत होतं, तरी बिचारीने मान डोलावली.

सात जूनला सकाळी वाचनालयाबाहेर ही गर्दी. पहिल्या सामन्याला चार दिवस होते. दरवेळी आम्ही आधी मागच्या फायनलींचे गोल लिहितो, नव्वदपासूनचे, आणि मग नवीन स्पर्धेला सुरुवात करतो. हेमांगी खुर्चीत बसली होती, हातात रजिस्टर न घेता. मी खडू घेऊन फळ्यासमोर. भाग्येश चित्रफीत काढत होता.

ती सांगत होती, मी लिहीत होतो. माझी अक्षरं खाली उतरत चालली होती. मागून कोणीतरी कुजबुजलं, "काकींनी लिवलं असतं तर छान झालं असतं." लोक तिच्याकडे बघत होते, माझ्या पाठीकडे नाही. एवढं सगळं कळूनही मला ते टोचलं. हेवा असा एका दिवसात जात नाही. मी खडू घट्ट धरला आणि लिहीत राहिलो.

"दोन हजार दोन," ती म्हणाली. "तीस जून. रोनाल्डो, सदुसष्ट."

मी लिहिलं.

"रोनाल्डो, एकोणऐंशी."

मी एक ओळ कोरी सोडली आणि तिच्याखाली लिहिलं.

"काका, मधे एक ओळ सुटली," भाग्येश म्हणाला.

मी मागे वळलो नाही. वळायचं धाडस झालं नाही.

"सुटली नाय ती," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा सावकाश. "ऱ्हाऊ दे तशीच. पुढं लिवा. दोन हजार सहा."

मी पुढच्या ओळीवर दोन हजार सहा लिहिलं.