बटणचा ऑगस्ट

रोवेनासारखी हट्टी बाई आमच्या ऑट्वेच्या डोंगरात दुसरी नाही, आणि मी जनावरांची डॉक्टर असल्यामुळे हट्ट म्हणजे काय ते मला रोज बघायला मिळतं. तिचं सगळं आयुष्य गेलं अँटेकायनसमागे. मुठीत मावेल एवढा प्राणी, दिसतो उंदरासारखा, पण जात कांगारूची. दर ऑगस्टला माद्यांमागे धावून धावून यांचे नर मरतात. एकजात सगळे.

का मरतात ते शोधण्यात रोवेनाचे केस पांढरे झाले. ताणाचं संप्रेरक रक्तात फिरतं ते बहुतेक एका प्रथिनाला चिकटून. चिकटलेलं असेपर्यंत ते गरीब गाय. ऑगस्ट जवळ आला की नरांच्या रक्तातलं ते प्रथिनच आटतं, संप्रेरक सुटं होतं आणि धिंगाणा घालतं. पोटात व्रण, रक्तस्राव, अंगात प्रतिकार म्हणून उरत नाही. विद्यार्थ्यांना ती दरडावायची, ‘‘एकूण किती ते मला सांगू नका. सुटं किती ते सांगा!’’

बटण हा असाच एक नर. तिच्या घरी आला तो तिच्या नवऱ्यामुळे. क्लाइव्हच्या चिखलाच्या बुटात एका मादीने घर केलं होतं. मांजराने तिला नेलं आणि एवढंसं एकच पिल्लू वाचलं. क्लाइव्हने त्याला ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं, खिशात घालून गावभर मिरवलं. मार्चमध्ये क्लाइव्हच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि तो भुलीतून उठलाच नाही. घरात मागे राहिले रोवेना आणि बटण.

‘‘मर्ना, हा मला ऑगस्टच्या पुढे न्यायचाय,’’ जुलैत ती मला म्हणाली. ‘‘काय वाट्टेल ते कर.’’

वाट एकच होती. खच्ची केलेल्या नराचं ते प्रथिन आटत नाही, तो जगतो. मी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला. तोवर बटणला माद्यांचा वाराही लागू द्यायचा नाही, असं तिनेच ठरवलं. पण तिचं कामच माद्या पकडायचं! संध्याकाळी घरी आली की हा पठ्ठ्या तिच्या बाहीला नाक लावून वेड्यासारखा ओरबाडायचा. बिचारी कपडे बदलून मगच त्याच्याजवळ जायला लागली.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारी तिचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी हसू होतं.

‘‘अगं, रक्ताचा आकडा आला. जूनमध्ये होता तेवढाच! उगीच घाई करतोय आपण. उद्याचं राहू दे.’’

‘‘एकूण की सुटं?’’

ती म्हणाली, ‘‘एकूण. प्रथिनाची तपासणी पुढच्या आठवड्यात होईल म्हणाले.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘रोवेना, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोरांना तू काय शिकवतेस आणि...’’

‘‘एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, मर्ना,’’ ती म्हणाली. ‘‘तो उठला नाही तर?’’

मी फोन ठेवला आणि भांडी आदळत बसले.

पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात आली ती बटणला छातीशी धरूनच. पाठीवरचे केस झडलेले, शेपटीखाली रक्त, डोळ्यांनी दिसत नव्हतं. तरी पाय तिच्या बाहीवर ओढत होता. त्याला सोडवायला मी सुई भरली. तिची गरजच पडली नाही. रोवेनाच्या तळहातावरच तो गेला. प्रथिनाचा आकडा त्याच दिवशी कळला. जवळजवळ शून्य.

मी चहा केला. तिने हात लावला नाही.

‘‘मर्ना, भूल दिली असती तर उठला असता का गं?’’

खोटं बोलायचं होतं मला. देवाशपथ, बोलायचंच होतं. पण मांजरं, कुत्री, मेंढ्या घेऊन येणाऱ्या माणसांना खरं सांगून सांगून जीभ तशीच वळलीय.

‘‘उठला असता,’’ मी म्हणाले.

तिने मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं. हातातल्या बटणवरून ती अंगठा फिरवत राहिली.

‘‘दरीतले सगळे नर मेले,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्यांची पिल्लं आहेत गं माद्यांच्या पोटात. कालच बघून आले, एकूण एक मादी गाभण आहे. आणि याला मी कोंडून ठेवला. जगावा म्हणून. क्लाइव्हने एवढा वाढवलेला, आणि याचं एकसुद्धा पिल्लू नाही कुठे.’’