बाईसाहेबांचा उजवा बूट

मी एक जुना बूट आहे. हसू नका, मित्रांनो. मी माणसाच्या पायातला नव्हे, घोडीच्या पायातला आहे. उजव्या पुढच्या पायातला. डाव्या पायातला माझा जुळा भाऊ इथेच शेजारच्या खिळ्याला लटकतो आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. तेव्हा आमची कहाणी मलाच सांगावी लागणार.

आमची घोडी पिंगट रंगाची आणि अंगाने थोराड. चाल अशी ऐटबाज, की घरातले सगळे तिला बाईसाहेब म्हणत. आमचे गाव चढउतारांचे. वरच्या अंगाला पाहुण्यांची विश्रामगृहे आणि खाली लॉन्ड्री. मळक्या चादरी खाली आणायच्या आणि धुतलेल्या वर पोचवायच्या, हे बाईसाहेबांचे काम. गाडी हाकणारा माणूस किडकिडीत आणि बडबड्या. त्याची थोरली बहीण घराच्या पुढच्या खोलीत बसून बॅगा, पट्टे आणि खोगिरे शिवायची. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

माझ्या जन्माआधीच्या हिवाळ्यात एक वाईट गोष्ट घडली. बर्फात चालताना नालेच्या आत बर्फ दाबून बसायचा. त्याचा कडक गोळा व्हायचा आणि उंच टाचांच्या चपला घातल्यासारख्या बाईसाहेब डुगडुगायच्या. अशाच डुगडुगत त्या लॉन्ड्रीच्या उतारावर कोसळल्या. गुडघा फाटला. डॉक्टरांनी टाके घातले आणि गाडीवानाला बाजूला घेऊन सांगितले, "याच गुडघ्यावर पुन्हा पडली, तर ही उभी राहायची नाही."

म्हणून पुढच्या थंडीच्या तोंडावर म्हाताऱ्या नालबंदाला बोलावले. त्याने चारही नाला उपटल्या आणि खुरांच्या कडा कानशीने घासून गोल केल्या.

"थंडीत पाहुणे कमी, म्हणजे ओझंही कमी," तो म्हणाला. "तिच्या पायांना जरा सुटी द्या. उघड्या खुरात बर्फ अडकून राहत नाही. पण लगेच दगडधोंड्यांवर नेऊ नका हं. इतकी वर्षं नाल घालून चाललीय, तळवे अगदी कोवळे आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब तबेल्यातून बाहेर आल्या. अंगणातल्या चिखलात चाकांचे चर पडले होते आणि रात्रीच्या गारठ्याने ते दगडासारखे टणक झाले होते. बाईसाहेबांनी एक पाय टेकला आणि झटकन उचलला. दुसरा टेकला, तोही उचलला. मग मान खाली घालून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. गाडीवानाचा चेहरा उतरला.

"ताई, नालबंदाला परत बोलावतो. तिचे हाल बघवत नाहीत मला."

"बघवत नाहीत तर तोंड फिरव," ताई म्हणाली. "पण नाला ठोकू नकोस. मागच्या वर्षी तिला उतारावर पडलेली पाहिलीस ना? ते बघवलं होतं का?"

गाडीवानाने बाईसाहेबांना हळूहळू तबेल्यात परत नेले.

त्याच दुपारी ताईने मला जन्म दिला. तिने खुराखाली कागद धरून पेन्सिलीने माप काढले. पहिला कागद बाईसाहेबांनी खाऊन टाकला, म्हणून दुसरा आणावा लागला. एका जुन्या सूटकेसच्या चामड्यातून आमचे अंग बेतले आणि गिरणीच्या टाकून दिलेल्या पट्ट्याचा आम्हाला तळ लावला. घोड्याचा जास्त भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुढच्या दोन पायांपुरतेच आम्ही दोघे.

मित्रांनो, माझी सुरुवात काही चांगली झाली नाही. पहिल्याच फेरीत माझी कड बाईसाहेबांच्या टाचेला घासली आणि कातडी सोलवटली. मला फार वाईट वाटले. मदतीला म्हणून गेलो आणि जखम करून आलो! ताईने ती जागा पुसली, औषध लावले आणि गाडीवानाची लोकरी टोपी कापून माझ्या कडेला मऊ अस्तर शिवले.

"अगं, माझी टोपी!"

"तुझं डोकं तसंही गरमच असतं," ताई म्हणाली.

जखम भरल्यावर आमचे काम सुरू झाले. दगडी गल्लीत आम्ही पायात असायचो. घरी आल्यावर गाडीवान आम्हाला काढायचा, खूर खरवडून साफ करायचा आणि अंगठ्याने तळवा दाबून बघायचा. तबेल्यात रोज कोरडे गवत पसरायचा. मग अंगणात टाकलेल्या रेतीवर बाईसाहेबांना उघड्या पायांनी फिरवायचा. आधी थोडे, मग आणखी थोडे. हळूहळू त्यांचे पाऊल निर्धास्त पडू लागले. तळवे टणक झाले.

गल्लीतली मुले आमच्या मागे धावायची. "घोडीने बूट घातलेत! घोडीने बूट घातलेत!" खोटे कशाला सांगू, मला त्याची चटक लागली. आपल्यावाचून हिचे पाऊल हलायचे नाही, असे मला वाटू लागले. गाडीवानालाही तसेच वाटत असावे. ताई म्हणायची, "अरे, आता बाहेरही काढून बघ." तो म्हणायचा, "उद्या." त्याचा तो उद्या काही उजाडत नव्हता.

गाडीवान मायाळू होता, पण आम्हाला वाळवायची त्याची रीत चुकीची होती. ओले झालो, की तो आम्हाला थेट शेगडीपाशी ठेवायचा. माझे चामडे कडक झाले आणि बक्कलाच्या पट्ट्याला भेग पडली. ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

मग तो दिवस आला. रात्री बर्फ पडून वर काचेसारखा थर जमला होता. शिवून झालेला एक पट्टा लॉन्ड्रीत द्यायचा म्हणून ताईही गाडीमागून चालत होती. मळक्या चादरींची गाडी उताराला लागली आणि माझा बक्कलाचा पट्टा तुटला. मी पायातून निसटून रस्त्याकडेच्या चरात पडलो. तिथून मला सगळे दिसत होते.

बाईसाहेब थांबल्या. एका पायात बूट, एक पाय उघडा. त्यांनी पुन्हा पाऊल टाकले, आणि माझ्या भावाचा गुळगुळीत तळ सर्रकन घसरला. मागून गाडी त्यांना रेटू लागली. त्यांचा तो गुडघा खाली वाकला. गाडीवानाने लगाम घट्ट धरला आणि ताईने धावत जाऊन चाकाखाली दगड सरकवला. बाईसाहेब तोल सावरून उभ्या राहिल्या. अंगावर काटा आला माझ्या!

"ताई, बूट गेला! आता काय करू?" गाडीवान ओरडला.

"घसरला कुठला पाय? नीट बघ."

त्याने पाहिले. उघड्या खुराने बर्फाला पकडून ठेवले होते. घसरला होता तो बूट घातलेला पाय.

मग गुडघ्यावर बसून त्याने माझ्या भावाचे बक्कल सोडवले आणि त्याला खिशात कोंबले. "चला बाईसाहेब," तो हळूच म्हणाला. "सावकाश चला."

ताईने दगड काढला. बाईसाहेबांनी एक पाय टेकला, अंदाज घेतला, मग दुसरा. पुन्हा एक. चारही उघडे खूर ठामपणे पडत होते. गाडी कुरकुरत वळणाआड गेली.

मी चरात पडून होतो. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले, ते नीट सांगता येत नाही. ती पडली नाही याचा आनंद होता. पण ती माझ्यावाचून चालली, हेही मी पाहिले होते, आणि तेही बोचत होते.

परतताना गाडीवानाने मला शोधून काढले. "मी तर हिला जन्मभर बूटच घालून ठेवले असते," तो म्हणाला. ताई हसली. "नीट चालू लागली की काढायचे असतात. त्यासाठीच शिवले होते मी."

त्यानंतर बाईसाहेबांनी कितीतरी हिवाळे उघड्या पायांनी काढले आणि त्या गुडघ्यावर कधीच पडल्या नाहीत. मी खिळ्यावर आलो. माझे चामडे तडकले आहे आणि अस्तराला कसर लागली आहे. कोणी सावलीत वाळवून थोडे तेल चोळले, तर मी अजून एखाद्या कोवळ्या पायाच्या उपयोगी पडेन.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादे जनावर असेल, तर रोज त्याचा पाय उचलून तळव्याकडे बघा. त्याला बोलता येत नाही. नव्या रीतीने चालायला शिकत असेल, तर रागावू नका आणि घाईही करू नका. लागेल तेवढा आधार द्या. आणि पाऊल सावरले, की कितीही जिवावर आले तरी तो आधार आपल्या हाताने काढून घ्या.