जिन्याच्या वळणापर्यंत

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत चीनने अल्बानियाला द्यायची मदत तोडली, आणि एल्बासानच्या पोलाद कारखान्यातले चिनी इंजिनिअर दुपारच्या बसने कायमचे निघणार होते. त्यांना कुणी निरोप द्यायचा नाही, असं इमारतीच्या समितीच्या हायरियेबाईने घरोघर बजावलं. दुभाषा स्कंदरच्या दारात ती जरा जास्तच रेंगाळली.

"तुमच्या एलिराचं नाव विद्यापीठाच्या यादीत आहे ना? घरच्यांबद्दलचा शेरा मलाच लिहायचाय," म्हणाली, आणि खाली जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसली.

स्कंदर आत येरझाऱ्या घालत राहिला. तीन वर्षं तो आणि त्या इंजिनिअरांपैकी लाओ शेन कारखान्यात भट्टीमागच्या खोलीत एकाच भांड्यातली कॉफी प्यायले होते. ते तांब्याचं भांडं स्कंदरनेच घरून गुपचूप नेलेलं. शेनला घरी बोलवायची परवानगी कधी मिळाली नाही. "एकदा येच," स्कंदर म्हणायचा, "जाताना जिन्याच्या वळणापर्यंत पोचवीन, तू दिसेनासा होईपर्यंत दार लावणार नाही. आमच्यात तसंच करतात."

आणि आज शेन आला. दारावर टकटक झाली.

स्कंदर दाराकडे वळला, तर बायकोने, लुमेने, कडीवर हात ठेवला. तिने एलिराकडे पाहिलं. पोरीने मान खाली घातली.

दाराला तोंड लावून शेन चिनीत कुजबुजला, "उघडू नकोस. खाली बाई बसलीय. भांडं परत द्यायला आलो होतो. पण आता घेऊनच जातो, दारात दिसलं तर तुझ्यावर शेकेल."

मग मोडक्यातोडक्या अल्बानियनमध्ये, खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "तीन वर्षं काम केलं याच्याबरोबर! एक घोट कॉफी विचारली नाही. असला कोरडा माणूस नाही पाहिला!"

पावलं उतरत गेली. स्कंदर बंद दाराला कपाळ टेकून ती ऐकत राहिला. त्याला स्वतःची किळस आली.

थोड्या वेळाने हायरियेबाई वर आली, भलतीच खुशीत. "शाब्बास, कॉम्रेड स्कंदर. पोरीची काळजी सोडा," म्हणत ती ऐसपैस बसली. लुमेने दुधाच्या पातेल्यात कॉफी उकळली.

"तांब्याचं भांडं कुठे गेलं गं तुमचं?"

"भोक पडलं त्याला," स्कंदर म्हणाला.

कॉफी संपवून बाई उठली आणि उंबऱ्यात थांबली. पाहुणी होती ती, आणि लुमे डोळ्यांनी खुणावत होती. स्कंदर तिला जिन्याच्या वळणापर्यंत पोचवायला गेला. ती दिसेनाशी होईपर्यंत त्याच्यामागे घराचं दार सताड उघडं होतं.