सळईला दगड लागला होता

मी एक सळई आहे. विणायची नव्हे, की शेगडीतले निखारे सारायचीही नव्हे. दीड वीत लांब, गुळगुळीत पोलादाची, टोकाशी बगळ्याच्या मानेसारखी वळलेली. माणसाच्या मूत्राशयात मुतखडा आहे की नाही, ते चाचपून सांगायचं एवढंच माझं काम. ते सुटल्याला आता सात वर्षं झाली. थकले आहे, तरी एकदा सगळं बोलून टाकते.

मी घडले विलायतेत. तिथली भट्टी तेवढी आठवते. समज आली ती जालन्यात. हैदराबादेत डॉक्टरी शिकून मार्तंडरावांनी १९२४ साली इथल्या कादराबाद पेठेत दवाखाना थाटला, आणि मी त्यांच्या हाती आले. लोक त्यांना 'मुतखड्याचे डॉक्टर' म्हणत. अंबड, परतूर, घनसावंगी, कुठून कुठून माणसं यायची, आणि सगळी उशिराच यायची. आधी कुळथाचं पाणी, मग अंगारा, मग कुणाच्या मामानं सांगितलेला पाला, आणि अगदी लोळायची वेळ आली की आम्ही.

तपासताना डॉक्टर सगळ्यांना गप्प करत. माझं टोक दगडाला लागलं, की 'टक्' असा बारीक आवाज होतो आणि धरणाऱ्याच्या बोटांना शहारा जातो. आवाज आला की डॉक्टर मान हलवत आणि शस्त्रक्रियेची तयारी सुरू होई. शेजारी रोग्याचे गुडघे धरून कंपाउंडर केशव उभा असे. सोळा-सतरा वर्षं आम्ही तिघांनी असंच काम केलं.

एवढ्या वर्षांत जंतू मारणाऱ्या कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून बुडवून डॉक्टरांची बोटं बधिर होत गेली. कानही हळूहळू गेले. लोक आपसूकच मोठ्यानं बोलू लागले, त्यामुळे त्यांना स्वतःला ते कळलं नाही.

१९४० च्या दिवाळीनंतर आष्टीचा मच्छिंद्र आला. चाळिशीतला शेतकरी, सोबत बायको गोजरबाई. परतूरपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. लघवीला बसला की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

डॉक्टरांनी मला आत सरकवलं. मला दगड लागला. टक्. डॉक्टरांनी मला फिरवलं. पुन्हा लागला. ते म्हणाले, "दगड न्हाई. उष्णता आहे. पाणी भरपूर पी, बराबर होशील."

मी केशवकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती.

मच्छिंद्र परत गेला. घरी कापूस वेचणी चालू होती. तो बांधावर कण्हत बसायचा. थोरला भाऊ काकासाहेब चारचौघांत म्हणायचा, "जालन्याच्या डॉक्टरनं बघितलंय. कामाच्या वेळेलाच दुखून राह्यलं ह्याचं." हे सगळं पुढे गोजरबाईच्याच तोंडून कळलं.

शिमग्याच्या सुमारास त्याला पुन्हा आणलं, तेव्हा तो तापानं फणफणलेला होता. लघवीतून पू जात होता. डॉक्टरांनी मला पुन्हा आत घातलं, फिरवलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साहेब, लागला," केशव म्हणाला.

"काय?"

"दगड लागला." त्याचा आवाज चढला. "मागच्या खेपेलाही लागल्ता."

डॉक्टर मला तसंच धरून उभे राहिले. "मंग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही न्हाई म्हणलात. मला वाटलं, माझेच कान वाजले."

डॉक्टरांनी मला हळूच बाहेर काढून ताटलीत ठेवलं. खिशातलं घड्याळ आधी एका कानाला लावलं, मग दुसऱ्या. ताटलीत पडल्या पडल्या मला त्याची टिकटिक ऐकू येत होती. त्यांनी घड्याळ परत खिशात टाकलं आणि म्हणाले, "पाणी उकळायला ठेव. जल्दी."

हात अजून शाबूत होते. दगड निघाला, मोठ्या सुपारीएवढा. पण विष मूत्रपिंडांपर्यंत पोचलं होतं. आठव्या दिवशी मच्छिंद्र गेला.

दवाखान्याच्या ओसरीत डॉक्टर गोजरबाईसमोर उभे राहिले. "बाई, दगड तेव्हाच होता. मला ऐकू आला न्हाई. चूक माझी."

"न्हाई, माझी," केशव म्हणाला. "मी ऐकून गप्प बसलो."

गोजरबाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाली, "तुमी दोघं चूक वाटून घेऊन राह्यले. मी त्याला ढोंगी म्हणले. दुखत असताना उठवून वावरात धाडलं. त्याचं मी काय करू?"



तेराव्याला डॉक्टर केशवला घेऊन आष्टीला गेले. पिशवीत मी होते, आणि रुमालात बांधलेला तो दगड. जेवायला जमलेल्या लोकांसमोर ते उभ्यानंच बोलले, "मच्छिंद्र खरं बोलत होता. दगड होता. मी बहिरा झालोय आणि ते मला माहीत नव्हतं." त्यांनी मला वर धरून दाखवलं, दगडावर टेकवलं. सगळ्यांनी आवाज ऐकला. फक्त त्यांनीच ऐकला नाही.

गोजरबाईनं दगड उचलला आणि काकासाहेबाच्या तळहातावर ठेवला. "धरा. किती जड हाय बघा."

काकासाहेबाला तो धरवेना आणि खाली ठेवायचीही हिंमत होईना. तो तसाच बसून राहिला. शेवटी गोजरबाईनंच दगड परत घेतला, पदराच्या टोकात गाठ मारून ठेवला आणि पंगत वाढायला आत गेली.

त्यानंतर डॉक्टरांनी मला हाती धरलं नाही. मुतखड्याचा रोगी आला की ते हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून देत. तिथे आता क्ष-किरणांचं यंत्र आहे म्हणे, त्याला कान लागत नाहीत. चार वर्षांनी डॉक्टर गेले. आता १९४८ संपत आलंय. बाहेर निजामाचं राज्य गेल्याचा गलका ऐकू येतो. मी कपाटात पडून आहे, वळणावर गंज चढलाय. केशव अधूनमधून येऊन कपाट झाडतो. मला मात्र हात लावत नाही.

मला भंगारात दिलंत तरी माझी तक्रार नाही. एवढंच मागते. कुणी दुखतंय म्हणालं आणि जाणत्यानं काही नाही म्हणून सांगितलं, तर त्याला ढोंगी म्हणायच्या आधी आणखी एकाला ऐकायला बोलवा. आणि त्यानं ऐकलं, तर त्याला बोलू द्या.

झालं. आता कपाट लावून घ्या.